वास फक्त गरम पाण्यालाच येतोय का?

नळाच्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे पाण्याची साठवण टाकी घाण, असं म्हणतात, ते बरोबर असू शकतं पण दरवेळी नाही. आमच्याकडे टाकी दोनदा धुवून झाली तरी वास तसाच, मग गार आणि गरम पाणी वेगवेगळ्या ग्लासात घेऊन सिंकपासून लांब जाऊन हुंगलं (सिंकजवळ नको, कधीकधी वास ड्रेनचा असतो) तर फक्त गरम पाण्याला येत होता! गिझरच्या आत गंज लागू नये म्हणून मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड (धातूची कांडी) असतो, पाण्यात सल्फेट आणि ठरावीक बॅक्टेरिया असले की त्याच्यामुळे हायड्रोजन सल्फाईड (सडक्या अंड्याच्या वासाचा वायू) जास्त तयार होतो. मेकॅनिककडून अ‍ॅल्युमिनियम-झिंकचा रॉड बसवून गिझरची टाकी फ्लश केली, वास गेला. रॉड नुसता काढून मात्र टाकू नका, गिझर आतून गंजेल.