शब्दचर्चा : ‘व्यावसायिक पर्यावरण’, ‘शाश्वत’ आणि ‘नीती’

प्रश्न

नाशिकमध्ये नोकरी सांभाळून एमबीए करणाऱ्यांसाठी मी मराठीतून अभ्यासाची टिपणे तयार करतो. सध्याच्या विषयात व्यवसायातील नीती, सस्टेनेबिलिटी आणि एक्स्टर्नल बिझनेस एन्व्हायर्न्मेंट असे तीन भाग आहेत. तिसऱ्या भागासाठी मी ‘व्यावसायिक पर्यावरण’ हा रूढ शब्द घेतला आणि सराव परीक्षेत ‘कांदा निर्यातदाराच्या व्यावसायिक पर्यावरणाचे विश्लेषण करा’ असा प्रश्न घातला. एका विद्यार्थ्याने त्यावर गोदावरीचे प्रदूषण, कांदाचाळीत सडणारा माल आणि वृक्षारोपण असे दोन पाने भरून लिहिले. ८ डिसेंबर २०२३ पासून ४ मे २०२४ पर्यंत असलेल्या निर्यातबंदीचा त्यात उल्लेखही नव्हता. हा विद्यार्थी लासलगावचा आहे आणि त्याच्या घरी कांद्याचाच व्यापार आहे. त्यामुळे गुण कापताना माझा हात अडखळला. येथे विद्यार्थी चुकला की शब्द?

उत्तर

माझ्या मते शब्द चुकला. ‘परि’ आणि ‘आवरण’ यांपासून झालेल्या ‘पर्यावरण’ या शब्दात कायदा, कर, व्याजदर, तंत्रज्ञान आणि ग्राहकाची आवड हे सारे सामावायला व्युत्पत्तीची हरकत नाही. परंतु १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यापासून शाळेच्या पाठ्यपुस्तकापर्यंत सर्वत्र तो शब्द हवा, पाणी, झाडे यांनाच बांधला गेला आहे, आणि शब्दाचा अर्थ व्युत्पत्ती नव्हे तर वापर ठरवतो. वर्तमानपत्रे ‘गुंतवणुकीस पोषक वातावरण’ असे लिहितात ते नैसर्गिक वाटते, पण ‘वातावरणाचे घटक’ म्हटले की पुन्हा हवामानखाते डोळ्यांपुढे येते. मी ‘व्यवसायाची बाह्य परिस्थिती’ असे लिहीन. परिस्थिती बदलते, बिघडते, निवळते, आणि तिच्यापुढे आपला इलाज चालत नाही. निर्यातदाराचा अनुभव नेमका हाच असतो.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. बाहेरून व्यवसायावर येते ती बाह्य परिस्थिती. व्यवसायाकडून बाहेरच्यांवर लादला जातो तो बाह्य परिणाम. कारखान्याने सांडपाणी नाल्यात सोडले आणि खालच्या विहिरी नासल्या, तर तो खर्च मालाच्या किमतीत दिसत नाही, तो विहिरीचा मालक सोसतो. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये मांडलेला विचार या दुसऱ्या प्रकाराचा आहे. दोन्हीकडे ‘बाह्य’ असल्याने विद्यार्थी त्यांची गल्लत करतात, वास्तविक त्यांच्या दिशा उलट आहेत.

प्रश्नकर्ता

‘परिस्थिती’ मला पटली. आता ‘शाश्वत’विषयी. सस्टेनेबल डेव्हलपमेंटच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या सतरा उद्दिष्टांना आपण ‘शाश्वत विकास उद्दिष्टे’ म्हणतो. पण आत्मा शाश्वत, सत्य शाश्वत असे ऐकत वाढलेल्या कानाला ‘शाश्वत पॅकेजिंग’ हास्यास्पद वाटते. ‘टिकाऊ’ घेऊ का?

उत्तर

‘टिकाऊ’ मुळीच नको. प्लास्टिकची पिशवी टिकाऊच असते. तिच्याविषयीची तक्रार तीच आहे.

‘शाश्वत’ची अडचण तुम्ही म्हणता त्याहून खोल आहे. शाश्वत ते आपोआप असते, त्याला कोणी सांभाळावे लागत नाही. ‘सस्टेनेबल’ या इंग्रजी शब्दाचे लॅटिन मूळ मात्र खालून आधार देऊन तोलून धरणे असे आहे, म्हणजे तेथे पेलणारा कोणीतरी आहे आणि त्याच्या ताकदीला सीमा आहे. १७१३ मध्ये सॅक्सनीतील खाणींचे अधिकारी कार्लोवित्स यांनी जंगलाविषयी हाच हिशोब मांडला: खाणी आणि भट्ट्यांना लाकूड हवे, तर पुन्हा वाढेल तेवढेच तोडावे. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालाने त्यात पुढच्या पिढ्यांच्या गरजा आणल्या. शासकीय नावात ‘शाश्वत’ आता रुजला आहे, तो उपटण्यात अर्थ नाही. मात्र टिपणात त्याची व्याख्या ‘पेलणे’ किंवा ‘झेपणे’ या क्रियापदांनी करावी.

आणखी एक उत्तर

मी निफाडकडचा द्राक्ष बागायतदार आहे, म्हणून ‘झेपणे’ला माझे अनुमोदन. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, घड दिसू लागले की वेलीला झेपतील तेवढेच ठेवून बाकीचे काढावे लागतात. लोभाने जास्त ठेवले तर मणी फुगत नाहीत, आणि थकलेली वेल पुढच्या हंगामातही मार खाते. याला आम्ही कधी शाश्वत शेती म्हटले नाही.

प्रश्नकर्ता

हे उदाहरण, आपली परवानगी गृहीत धरून, टिपणात घेतो. राहिला ‘नीती’. ‘व्यवसायनीती’ चालेल का?

उत्तर

त्यात दोन खड्डे आहेत. रणनीती, कूटनीती, राजनीती यांत ‘नीती’ म्हणजे डावपेच. त्यामुळे ‘व्यवसायनीती’ वाचून स्पर्धकाला मात देण्याची युक्ती असा अर्थ घेणारा वाचक भेटेलच. शिवाय ‘व्यवसाय’ वकिलाचा आणि डॉक्टरांचाही असतो, म्हणून ‘व्यावसायिक नीतिमत्ता’ त्यांच्या आचारसंहितेकडे झुकते. ‘उद्योगव्यवहारातील नीतिमत्ता’ लांब आहे, पण त्यात संदिग्धता नाही. याच प्रकरणात सीएसआरला (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे कंपनीची समाजाप्रतीची जबाबदारी) ‘सामाजिक बांधिलकी’ लिहू नये. बांधिलकी स्वखुशीची असते. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ मात्र ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करायला लावते. तेथे ‘उत्तरदायित्व’ योग्य.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. प्रश्न ‘बाह्य परिस्थिती’ने सुधारला आणि त्या विद्यार्थ्याला तो पुन्हा लिहायला दिला. ‘झेपणे’पाशी मात्र नवीच पंचाईत झाली: या क्रियापदाचे नाम शोधू गेलो तर हाती ‘झेप’ लागते, आणि वार्षिक अहवालांतल्या गरुडझेपांत वेलीचा विचार कोठेच नसतो. कोणाला दुसरे नाम सुचते का?