शब्दचर्चा: लोकसंख्या म्हातारी होते म्हणजे नक्की काय होतं?

किनाऱ्यावरून
मंडळी, इथल्या मराठी मंडळात निवृत्त होऊन फ्लोरिडात आलेले बरेच जण आहेत. त्यांच्यासाठी राज्याच्या लोकसंख्येवरचा एक लेख मराठीत करतेय. ६७ काउंट्या, म्हणजे इथले जिल्हेच, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत कुठे किती ज्येष्ठ असतील त्याचे तक्ते. आकडे जमले, शब्द अडले. 'पॉप्युलेशन एजिंग'ला 'लोकसंख्या वृद्धत्व' लिहिलं, 'मीडियन एज'ला 'सरासरी वय', काउंटीला 'परगणा' आणि 'प्रोजेक्शन'ला 'लोकसंख्येचे प्रक्षेपण'. नवऱ्याने वाचून विचारलं, "केप कॅनव्हेरलहून रॉकेटं सोडतात हे माहीत होतं. आता माणसंही सोडायला लागले?" सुचवा काहीतरी.

जुना मास्तर
'सरासरी' आधी खोडा. नववीच्या गणितात मध्य, मध्यक आणि बहुलक असे तीन शब्द आहेत, त्यातला 'मध्यक' तुम्हाला हवाय. ओटीवर पाच जण बसलेत, वयं ४, ३०, ३४, ७०, ८२. सरासरी ४४, पण मध्यक, म्हणजे वयाच्या ओळीत बरोब्बर मधला, ३४. तुमच्याच राज्यातल्या समटर काउंटीत 'द व्हिलेजेस' नावाची निवृत्तांची अवाढव्य वसाहत आहे. तिथलं मध्यक वय ६८च्या आसपास, म्हणजे अर्धी काउंटी त्याच्याही पुढची! उलट अलाचुआ आणि लिऑन या विद्यापीठांच्या काउंट्या, तिथे हाच आकडा तिशीच्या आगेमागे. 'सरासरी' लिहिलंत की ही 'अर्धी' निसटते.
आणि परगणा नको हो. देशमुख-देशपांडे वसुलीला निघाल्यासारखं वाटतं. काउंटी राहू द्या. लुइझियानात त्याच घटकाला पॅरिश म्हणतात, तिथे काय करणार?

किनाऱ्यावरून
मास्तर, खोडलं. परगणाही गेला. पण प्रक्षेपणाचं काय?

जर-तर
नोकरीच आकडेमोडीची, म्हणून जरा लांबण लावतो.
'प्रक्षेपण' हिंदीत या अर्थाने रुळलंय. मराठीत मात्र तो शब्द रॉकेट आणि दूरदर्शनने आधीच नेलाय. 'प्रक्षेपित लोकसंख्या' म्हणावं तर मला पोथीतल्या प्रक्षिप्त ओव्या आठवतात, मागाहून कुणीतरी घुसडलेल्या. 'भाकीत' तर साफ चूक. भाकीत करणारा 'असं होणार' म्हणून मोकळा होतो. प्रोजेक्शन करणारा म्हणतो, जन्म, मृत्यू आणि स्थलांतर अमुक दराने चाललं तर असं होईल. आज साठ ते चौसष्ट वयाचे जेवढे आहेत ते पाच वर्षांनी पासष्ट ते एकोणसत्तरच्या रकान्यात सरकवायचे, मधे वारलेले वजा करायचे, बाहेरून आलेले मिळवायचे, सोडून गेलेले वजा करायचे. हेच प्रत्येक वयोगटाला, पुन्हा पुन्हा. फ्लोरिडा विद्यापीठाचा संशोधन विभाग प्रत्येक काउंटीसाठी कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन मालिका देतो. एकाच माणसाच्या तीन कुंडल्या मांडणारा ज्योतिषी पाहिलाय का?
आपल्याकडे २०२० साली केंद्राच्या तांत्रिक गटाचा अहवाल आला, २०११ ते २०३६चा. देशात साठीपुढचे सुमारे ८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर, केरळात २३च्या घरात. तेही जर-तरच. बातमीत त्याचं 'होणार' होतं आणि 'जर' गळतो.
माझं मत: शीर्षकात साधा 'अंदाज', आणि पहिल्याच परिच्छेदात तो कशावर बेतलाय ते सांगा. 'बेतलेला अंदाज' म्हटलं तरी चालेल. बेतणं हा शिंप्याचा शब्द आहे, माप घेतल्याशिवाय बेतत नाहीत.

ओसरीवरची
'बेतलेला अंदाज' झकास. फक्त 'जिवावर बेतलेला' कुणी वाचू नये म्हणजे झालं, विषयच तसा आहे :)
एक विचारते. तक्त्यात 'डिपेंडन्सी रेशो' असेलच, कामाच्या वयाच्या माणसांमागे मुलं आणि म्हातारे किती ते सांगणारा; त्याला 'अवलंबित्व गुणोत्तर' लिहिणार? शब्द बरोबर आहे, पण बहात्तराव्या वर्षी दोन नातवंडांना शाळेतून आणून, जेवू घालून, अभ्यासाला बसवणारी मी त्यात 'अवलंबित' धरली जाते. आणि म्हातारपणाची रेघ तरी एक कुठे आहे? तुमच्याकडे ६५, आपल्या २००७च्या कायद्यात ज्येष्ठ नागरिक ६०ला, एसटीत अर्धं तिकीट ६५ला, फुकट ७५ला. लेखात रेघ कुठली ते लिहाच.

पऱ्याकाठचा
मूळ शब्दाकडे कुणी वळलंच नाही. 'लोकसंख्या वृद्धत्व' भरभर वाचा. 'लोकसंख्यावृद्धी' वाटतं की नाही? अर्थ जवळजवळ उलटा. दोन्हींचा धातू एकच, वृध् म्हणजे वाढणं. वृद्ध म्हणजे मुळात 'वाढलेला'. त्यामुळे कुणी 'वृद्धीकरण' सुचवेल तर हाणून पाडा.
दुसरं म्हणजे, वृद्धत्व माणसाला येतं. लोकसंख्येत फक्त वाटा बदलतो, आणि तो बदलण्याच्या तऱ्हा वेगळ्या. समटरमध्ये म्हातारे बाहेरून येऊन राहिले. आमच्याकडे तरुण निघून गेले. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ला १६,९६,७७७ होती, २०११ला १६,१५,०६९. सिंधुदुर्गाचीही घटली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका, कारण बाप्ये मुंबईला. तिसरी तऱ्हा सगळीकडचीच: मुलं कमी जन्मतात. लोकांना वाटतं आयुष्य वाढलं म्हणून म्हातारे वाढले. तेही आहेच, पण टक्का चढतो तो मुख्यतः पाळणे कमी हलल्यामुळे. या तिन्हींना एकच 'वृद्धत्व' कसं पुरेल? मी 'ज्येष्ठांचा वाढता वाटा' लिहीन. लांब आहे, पण खोटं नाही.
आता गंमत. आमच्याकडे घरात मूल जन्मलं की सोयर येतं, त्यालाच 'वृद्धी' म्हणतात. दहा दिवस देवपूजा बंद. आमच्या वाडीत सतरा घरं, सहांना कुलूप. गेल्या गणपतीत भटजी आले, सवयीने विचारलं, "कुणाला सुतक, वृद्धी?" काकू म्हणाली, "सुतकं दोन फिटली. वृद्धी कसली विचारता, चार वर्षं झाली."

किनाऱ्यावरून
'ज्येष्ठांचा वाढता वाटा' घेतलं, आणि 'बेतलेला अंदाज'ही. पऱ्याकाठचे, काकूंचं वाक्य लेखात घालू का? विचारून सांगाल?

पऱ्याकाठचा
विचारलं. म्हणाली, घाल म्हणावं, पण माझं वय लिहू नको.