आर्थिक वर्ष जानेवारीत सुरू करा, कोकणातला रस्ता तरी टिकेल

वहाळाकाठचा (राजापूर)
आमच्या वाडीच्या रस्त्यावर यंदाही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात डांबर पडलं. मंजुरी भर पावसात, निविदा दिवाळीनंतर, कार्यारंभ आदेश फेब्रुवारीत. मग निधी परत जाईल म्हणून रात्री दिवे लावून काम. जूनमध्ये निम्मी खडी वहाळात.

एप्रिल-मार्च हे वर्ष १८६७ पासूनचं, इंग्रजांच्या सोयीचं. एल. के. झा समितीने १९८० च्या दशकातच जानेवारी-डिसेंबर सुचवलं होतं, कारण अर्थसंकल्प मांडताना पाऊस कसा होणार हे कुणालाच माहीत नसतं. २०१७ मध्ये मध्य प्रदेशाने तसं जाहीरही केलं. पुढे काही नाही. आपल्या आमदारांनी हा विषय लावून धरायला हवा.

जमाखर्च (कोषागारातून निवृत्त)
भाऊ, महिने मोजा. आत्ता ऑक्टोबर ते मार्च सलग सहा कोरडे महिने एका वर्षात मिळतात. जानेवारीत वर्ष सुरू केलंत की त्यांचे दोन तुकडे, मध्ये पावसाळा. उन्हाळा मंजुऱ्यांत जाईल आणि मार्चची झुंबड डिसेंबरात.

दुखणं तिजोरीत आहे. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची, कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात. आधी पगार, निवृत्तिवेतन (माझंही, कबूल) आणि व्याज. मग लाडकी बहीण, ३६,००० कोटी. उरलं तर साकव. म्हणून बीडीएसवर (खात्यांना निधी वाटणारी सरकारी संगणक प्रणाली) पैसे तुकड्यातुकड्यांनी येतात आणि मार्चअखेरीस एकदम धबधबा. केंद्राने २०१७ पासून अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला आणला, एप्रिलपासून खर्च सुरू व्हावा म्हणून. राज्याचा अजून मार्चमध्येच येतो. तेवढं जरी पुढे आणलं तरी पुष्कळ.

गुहागरची सून
काका, तूट मोजताना बोट पहिलं बायकांच्या पंधराशेवरच कसं पडतं? ते पैसे बाजारातच फिरतात. मूळ अर्थसंकल्पानंतर दर अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, त्यांचा हिशोब कोण विचारतो? घरखर्चाची वही मी अशी लिहिली तर सासूबाई चार शब्द सुनावतील.

जमाखर्च
पुरवणी मागण्यांचं शंभर टक्के मान्य. पंधराशेचं नाही. योजना चांगली की वाईट हा वेगळा वाद. कायमचा खर्च कर्जावर चालवू नये, इतकंच म्हणणं.

कट्ट्यावरचो
वर्स बदलून काय होतला? गेल्या वर्साची बिलां अजून मिळूक नाय. उधारीचा डांबर पातळच पडतला.

वहाळाकाठचा
काका, सहा महिन्यांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण झुंबड डिसेंबरात गेली तर बिघडलं कुठे? घाईचं काम पावसाआधी पाच महिने वाहनांखाली राहील. खड्डा जानेवारीत दिसेल, ठेकेदाराला पकडता येईल. आत्ता तो म्हणतो, "पावसाने नेला."

जमाखर्च
हे पटण्यासारखं आहे. पण एक सांगा, रस्ता बांधकाम खात्याचा की जिल्हा परिषदेचा?

वहाळाकाठचा
जिल्हा परिषदेचा. जिल्हा नियोजनच्या निधीतला.

जमाखर्च
मग तो निधी खर्चायला परिषदेला दोन वर्षं असतात. ३१ मार्चची घाई नेमकी कुणाला होती, ते ग्रामसभेत विचारा.