उद्या परत मोंमार्त्र? कोणी ठरवलं?

सुधाआत्या: उद्याच्या कार्यक्रमात परत मोंमार्त्र दिसतंय. परवा झालं की बघून. पॅरिसमध्ये दुसरं काही नाही का? 🙏

चिन्मय: आत्या, परवा आपण साक्रे-कर चर्च पाहिलं आणि प्लास द्यु तेर्त्रच्या चौकात धक्के खाल्ले. टेकडीवरची खरी, जुन्या चित्रकारांची वस्ती मागच्या उतारावर. तिकडे गेलोच नाही.

सुधाआत्या: का नाही गेलो तेही लिही. आबेस स्टेशनला लिफ्टच्या रांगेत थांबायला तुम्हाला वेळ नव्हता. गोल गोल जिना संपेचना. वर आले तेव्हा मला चित्रकार नको होता, खुर्ची हवी होती.

चिन्मय: चुकलंच. पॅरिस मेट्रोचं सगळ्यात खोल स्टेशन आहे ते, ३६ मीटर.

शैलाकाकू: हे तुला आधी माहीत होतं?

चिन्मय: वर आल्यावर वाचलं 😬

भाऊकाका: साक्रे-करच्या पायऱ्यांखाली लोक मनगटाला दोरा बांधतात आणि मग पैसे मागतात. हात खिशात ठेवावेत.

शैलाकाकू: भाऊजी, उशीर झाला. ह्यांनी परवाच बांधून घेतला. म्हणे राखी वाटली.

मेघना: नाना 😂😂

शैलाकाकू: आणि ह्यांनी स्वतःचं चित्र काढून घेतलं, त्याचं कोण सांगणार? ४० युरो. वर्गणीतून.

नाना: त्या चौकातले चित्रकार परवानाधारक असतात. एक चौरस मीटरची जागा, तीही दोघांत.

चिन्मय: बसलेले असतात, नाना. तुमचा पाठीमागून चालत आला होता.

मेघना: फोटो टाका ना चित्राचा!

शैलाकाकू: टाकून काय, ओळखणार कोण? नाक भाऊजींचं आलंय.

भाऊकाका: माझ्या नाकाचा इथे संबंध नाही. साक्रे-करच्या पायऱ्यांखाली लोक मनगटाला दोरा बांधतात आणि मग पैसे मागतात. हात खिशात ठेवावेत.

सुधाआत्या: वर्गणी सगळ्यांची आहे. मी काही बोलत नाही.

नाना: ताई, आज रात्रीच देतो.

सुधाआत्या: अरे, तसं नाही रे. सावकाश दे.

मेघना: मी घरी बसलेय, मला कोणी विचारलेलं नाही, तरी सांगते. आत्या, र्यु कोर्तोवर १२ नंबरचं घर बघाच. १८७६ मध्ये चित्रकार रेन्वार तिथे राहून ‘मुलँ द ला गालेत’ ह्या नाचाच्या जागेचं चित्र रंगवत होता. पुढे तिथेच सुझान व्हालादों राहिली. आधी रेन्वारची मॉडेल, मग स्वतः चित्रकार. मुलगा युत्रियो, त्याने ह्याच गल्ल्या रंगवल्या. आता म्युझियम आहे. पिकासो राहायचा ते घर, बातो-लाव्वार, सोडा, १९७० मध्ये जळलं, आहे ते नंतर बांधलेलं.

चिन्मय: आणि १८६० पर्यंत ही टेकडी पॅरिसच्या हद्दीबाहेर होती. शहराचा कर नाही म्हणून वाइन स्वस्त, पुढे भाडीही कमी. म्हणून गुत्ते, आणि मागोमाग कलावंत.

नाना: बघा, कलेचं मूळ कशात आहे 🍷

शैलाकाकू: तुमचं मूळ माहीत आहे सगळ्यांना.

चिन्मय: टेकडी जिप्समची. प्लास्टर ऑफ पॅरिससाठी आतून इतकी पोखरली की साक्रे-करच्या पायाला ८३ विहिरी खणून भराव्या लागल्या.

भाऊकाका: म्हणजे पीओपीचा गणपती मूळचा तिथला?

शैलाकाकू: भाऊजी, शाडूचा आणायचं ठरलं होतं. आणला कोणता, ते आता नको.

भाऊकाका: वहिनी, तो विषय मिटला होता. असो. दोऱ्याचं लक्षात ठेवा.

चिन्मय: उद्या असं करू. वर फ्युनिक्युलरने, म्हणजे टेकडी चढणाऱ्या छोट्या रेल्वेने, त्यात मेट्रोचं तिकीट चालतं. मग र्यु कोर्तो, तिथून खाली द्राक्षमळा. १९३३ साली लावलेला, भर शहरात. समोर लापँ आजिल, गुलाबी भिंतींचं जुनं कॅबरे. पुढे लामार्क मेट्रो स्टेशन. सगळा उतारच.

सुधाआत्या: उतारावरच गुडघा जास्त दुखतो, हे डॉक्टरांना विचार. लामार्कला लिफ्ट आहे?

चिन्मय: आहे. आत्ताच पाहिलं.

सुधाआत्या: या वेळी आधी पाहिलंस. बरं. रांग असली तर?

चिन्मय: थांबू.

सुधाआत्या: साडेनऊला लॉबीत येते. चौकात नेलंत तर मी बाकावर बसून राहीन.

नाना: ताई, पाकीट दाराखालून सरकवलंय. ३५ आहेत, ५ दोऱ्यात गेले.