कुंडीत सापडलेला मावळा (दिवाळीतलं तुमचं पाच-दहा मिनिटांचं काही असेल तर लिहा)

कढीपत्ता_कुंडीतला

आज कढीपत्त्याची कुंडी बदलत होते. मुळांच्या गुंत्यात काहीतरी टणक लागलं. खडा समजून फेकणार होते, बघते तर मावळा! एक हात गेलेला, रंग उडालेला, मिशी मात्र शाबूत. सहा वर्षांपूर्वीचा आहे, लेक पाच वर्षांची होती तेव्हाचा.

त्या दिवाळीत घरात नऊ माणसं. मी सोऱ्या घेऊन ओट्याला चिकटलेली. ही दर पाच मिनिटांनी येऊन, "आई चल ना, अळीव उगवलंय." मी म्हणायचे, "आले गं, एवढा घाणा काढते." असे चार घाणे झाले. पाचव्याला ती काही बोललीच नाही, माझं तेलकट बोट धरून ओढत बाल्कनीत घेऊन गेली. किल्ला म्हणजे चार विटा आणि चिखलात बुडवलेलं गोणपाट. तिने मला फरशीवर पालथं झोपवलं, गाल टेकवून. "इथून बघ, जंगल दिसतं." आणि खरंच दिसत होतं हो. पेरभर उंचीच्या अळिवातून तो मावळा वर चढत होता. आम्ही दोघी तशाच पडून. मग आतून सासूबाईंची हाक आली, "अगं जळतंय!"

आता ती अकरा वर्षांची आहे. यंदा किल्ला करूया का विचारलं तर म्हणाली, "तू कर, मी फोटो काढते."

लिहा तुमचंही. सहलीबिहली नकोत, रगाड्यातून हाती लागलेलं काहीतरी.

घाईतली_बाई

चकल्या जळल्या का मग? आधी ते सांगा 😀

कढीपत्ता_कुंडीतला

एक घाणा. नवऱ्याने "खमंग झाल्यात" म्हणत खाल्ला.

बाराबंदी

किल्ल्यांचं निघालंय तर सांगतोच. २०२५च्या जुलैत आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. चिरंजीव पहिलीत, शाळेत कुणीतरी सांगितलं. झालं! दिवाळीत बाराच्या बारा करायचे. आमची बाल्कनी सहा फूट बाय चार, त्यात वॉशिंग मशीन. मी ऑफिसच्या कॉलवर, एक कान इकडे, एक तिकडे, आणि हा याद्या म्हणतोय: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी... शेवटी तोडगा निघाला. घरातल्या वाट्या उपड्या घालून वर माती थापायची. सिंधुदुर्ग, खांदेरी, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग यांना परातीत पाणी. (विजयदुर्गाला तिन्ही बाजूंनीच पाणी, यावर त्याने मला दुरुस्त केलं, मी म्यूट करायचं विसरलो होतो, अख्ख्या टीमने ऐकलं.) अकरा झाले, वाट्या संपल्या. जिंजी राहिला. चिरंजीव म्हणाले, "तो तामिळनाडूत आहे ना, मग इडली ठेवूया." ठेवली. दुसऱ्या दिवशी कावळ्याने जिंजी नेला.

तो कॉल कशाबद्दल होता, आज विचाराल तर सांगता येणार नाही.

घाईतली_बाई

कावळ्याने जिंजी नेला 😂😂 पोट दुखलं. डब्याची पोळी करपली आत्ता.

वाशीकर_०७

धागा छान. नवी मुंबईत मातीचे मावळे कुठे मिळतात? दोन दुकानं फिरलो, सगळीकडे प्लास्टिकचे.

बाराबंदी

पुण्याला कुणी येणार असेल तर कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून मागवा. सिंहासनावरचे महाराज आधी घ्या, ते लवकर संपतात. मावळे शेवटपर्यंत असतात.

सोऱ्या_गंजलाय

धाग्याशी संबंध नाही, पण चकलीचा विषय निघालाच आहे तर... माझ्या वरून लाल आणि आतून मऊ का राहतात? काटा छान सुटतो.

मोहनकाकू

आच मोठी ठेवता. बुडबुडे कमी होईस्तोवर मध्यम आचेवर ठेवा. मोहन जास्त पडलं तर चकली तेलात विरघळते. म्हणजे दोष बहुतेक आचेचाच. मुलाला सोऱ्या फिरवायला देता का? आमचा नातू चकलीऐवजी गोगलगाय काढतो, शिंगांसकट. आम्ही गोगलगाईंचा वेगळा डबा भरतो.

न्यू_जर्सीतून

आमच्याकडे सुट्टी नव्हती. २०२४ला नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबर, गुरुवार. पहाटे पाचला दोघांना उठवून तेल-उटणं, बाथटबच्या काठाशी ओवाळलं, मग डबे, मग शाळेची बस. संध्याकाळी धाकट्याने हट्टाने मावळ्याचा वेश केला. बाराबंदी म्हणजे नवऱ्याचा आखूड झालेला कुर्ता, फेटा म्हणजे माझी जुनी ओढणी. पहिल्याच दारात आजीबाईंनी विचारलं, पायरेट आहेस का? हा गोंधळला, माझ्याकडे बघितलं, आणि ठसक्यात म्हणाला, "नो, आय लिव्ह ऑन अ माउंटन." पुढची सतरा घरं हेच उत्तर. थंडीत माझे हात गारठलेले, ऑफिसचे मेल साचलेले. पण परत येताना त्याने पिशवीतलं एक चॉकलेट मला दिलं, "हे लुटीतलं." इतिहास जरा जास्तच शिकवला बहुतेक.

कढीपत्ता_कुंडीतला

लुटीतलं!! तो मोठा झाल्यावर त्याला हा धागा दाखव.

रंकाळ्यावरची

आमच्या पोराने गेल्या साली किल्ल्यावर कारंजं केलं. सलाईनची नळी, वर बाटली, लई भारी वाटत होतं. हे रात्री दुकानातून आले, चपला काढल्या आणि नेमके कारंज्यात पाय. ओरडणार होते. पोरगं म्हणालं, "पप्पा, खंदकात पडलात, आता शत्रू झालात." झालं, साडेदहाला बाप शत्रू होऊन अंगणात पळतोय आणि पोरगं मागं. शेजारच्या काकी खिडकीतून बघायला लागल्या, मग त्यापण सैन्यात. मी ताटं वाढून बसलेली. आमटी दोनदा गरम केली.

दोन_जुळे_एक_आई

सगळ्यांचं वाचून बरं वाटतंय आणि रडूही येतंय. माझी जुळी तीन वर्षांची. गेल्या दिवाळीचं मला काही म्हणजे काही आठवत नाही. मोबाइलमध्ये चारशे फोटो आहेत, एकातही मी नाही. फराळ, पाहुणे, धाकटीचा ताप, एवढंच डोक्यात.

मोहनकाकू

अगं, जुळ्यांची तीन वर्षं कुणालाच आठवत नाहीत. माझी बहीण अजून विचारते, पहिला कोण चालला. यंदा फराळ विकत आण, नाव माझं सांग.

घाईतली_बाई

आणि एक फोटो नवऱ्याला काढायला लाव. अंगठा येईल मध्ये, येऊ दे.

फोंड्याचा

आमच्या गोव्यात किल्ला नाही, नरकासुर. वाड्यावरची पोरं रात्र रात्र जागून करतात, चतुर्दशीच्या पहाटे जाळतात. माझी मुलगी चार वर्षांची असताना रोज संध्याकाळी जाऊन त्याला बघून यायची. तिच्या हाताने एक नखही चिकटवलेलं. पहाटे खांद्यावर घेऊन गेलो तर आग लागल्यावर भोकांड! "माझं नख जळालं." राक्षस असतो, वाईट असतो, सगळं सांगून पाहिलं. ऐकेना. घरी येऊन कारीट फोडलं, तेही रडतच. मग आईने ताटात गुळाचे फोव (पोहे) आणि ताकातले फोव वाढले, तेव्हा विचारते, "नरकासुराने फोव खाल्ले का?" आई म्हणाली, हो, काल रात्रीच. मग जेवली. आईला गेल्या वर्षी देवाज्ञा झाली. यंदा हे उत्तर मला द्यावं लागणार.

कढीपत्ता_कुंडीतला

🙏

दुकान_उघडं_आहे

कापड दुकानदाराला दिवाळीची सुट्टी नसते, त्यामुळे आमचं जरा वेगळं. लक्ष्मीपूजनाला वह्यापूजन दुकानातच, घरचे सगळे तिथेच. मुलगा तीन वर्षांचा. पूजा झाली, पेढे वाटले, गिऱ्हाईकही होतं, आणि हा गायब. वीस मिनिटं रस्त्यावर शोधतोय, पोटात गोळा. सापडला कपाटाखालच्या खणात, परकराच्या ताग्यांवर गाढ झोपलेला, मुठीत पेढा. मी शटर अर्धं ओढलं आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसलो. त्या सीझनमध्ये मी बसल्याची ती एकच वेळ. दोन गिऱ्हाईकं वाकून आत बघून गेली.

लाल_डब्याची_लेक

मी मुलाच्या बाजूने लिहिते. पप्पा एसटीत चालक. दिवाळीत जादा गाड्या, म्हणजे पप्पा घरी नाहीत हे ठरलेलं. एका वर्षी नरकचतुर्दशीला रात्री अकराला आले. मम्मीने बंब पुन्हा पेटवला, आम्हा दोघा भावंडांना झोपेतून उठवलं, आणि रात्री अकराला आमची "पहिली आंघोळ". पप्पांनी स्वतः तेल लावलं. स्टेअरिंगमुळे त्यांचे तळवे खरखरीत होते, उटण्यापेक्षा तेच जास्त घासायचे. भावाने मोरीच्या दारात फुलबाजी धरली. पहाटे चारला ते परत ड्यूटीला. मला बाकीच्या दिवाळ्यांच्या आंघोळी आठवत नाहीत.

रात्रपाळी

लाल डब्याची लेक, वाचून गलबललं. मी नर्स आहे, दिवाळीत माझीही पाळी चुकत नाही. मुलगा साडेचार वर्षांचा. सकाळी आठला पोचले तर सगळ्यांच्या आंघोळी उरकलेल्या, हा एकटा तेल चोपडून पाटावर बसलेला. सासूबाई वैतागलेल्या. "उटणं आईच लावणार," एवढंच म्हणत होता, पहाटेपासून. डोळ्यांवर झोप होती तरी लावलं. सासऱ्यांनी आदल्या दिवशी त्याला हिरकणीची गोष्ट सांगितलेली, किल्ल्यावर कड्याला एक बाहुली कपड्याच्या चिमट्याने लटकवली होती. विचारलं ही कोण, तर, "हिरकणी. गडाचं दार बंद झालं, बाळ घरी आहे, म्हणून उतरतेय." मी गप्प. पाणी घालत राहिले. जरा वेळाने तोच म्हणाला, "पण तिला लिफ्ट नव्हती का?"

रंकाळ्यावरची

आमच्या सोसायटीत लिफ्ट आहे, चालत नाही. तिसऱ्या मजल्यावर रोज हिरकणी.

दोन_जुळे_एक_आई

😄 मोहनकाकू, फराळ मागवला. गोगलगाई मिळतील का?

मोहनकाकू

पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

वाशीकर_०७

मावळे मिळाले, मित्र घेऊन येतोय. आता इथल्या दुकानात अळीव संपलेत. मोहरी चालेल का? लेक दर तासाला विचारतेय.

कढीपत्ता_कुंडीतला

चालेल. आजच पेरा. अळीव मिळाले तर भिजवू नका, चिकट गोळा होतो. नुसते भुरभुरवा, वर ओलं पोतं टाका, आणि पोतं काढायचं काम तिलाच द्या.