मदत हवी आहे: पिल्लंवाली कुत्री चावली, आता सोसायटीत कुणीतरी विषाचं बोलतंय

नमस्कार. विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरमध्ये राहतो. शेजारच्या दोन बिल्डिंगी रिडेव्हलपमेंटला गेल्या आणि तिथले कुत्रे आमच्या आवारात आले. आधी चार होते, आता नऊ. रात्रभर भांडणं. त्यातली एक तांबडी पंपरूमच्या मागे व्यायली. तेव्हापासून तिथून कुणी गेलं की अंगावर येते.

गेल्या मंगळवारी पहाटे बाबा दूध आणायला उतरले. तिने मागून पोटरी धरली. लेंग्याला भोक एवढंसं, आत मात्र दोन दात खोल. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली. आजी हळद-चुना घेऊन आली होती, तिला थांबवलं. रुग्णालयात रेबीजच्या लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दिलं. लशीचे दोन डोस झाले, सातव्या दिवसाचा उद्या आहे. कुत्रीवर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितलंय, म्हणून रोज सकाळी लांबून बघून येतो. खातेय, पिल्लांना पाजतेय. ते बघून जीव भांड्यात पडतो.

महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार केली. पिल्लं अंगावर पितात तोवर तिला नसबंदीसाठी उचलता येत नाही, असं कळलं. नियम तसाच आहे, माझी तक्रार नाही. पण तोवर काय करायचं? पंपरूमपाशी पत्रे लावून वाट वळवली तर ती शांत राहील की आणखी बिथरेल? बाकीच्या आठांपैकी तिघांचेच कान नसबंदीच्या खुणेचे कापलेले आहेत. उरलेल्या पाचांची नसबंदी एकदम करून घेण्यासाठी कुणी पाठपुरावा केलाय का? कसा?

दुसरं, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्याच्या तोंडाशीच खायला घालतात. भटक्या कुत्र्यांबद्दलच्या केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांत खाऊ घालायची जागा जिना, गेट आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब हवी असं आहे. पण मी काही बोललो की त्यांना वाटतं, मी कुत्र्यांच्या मुळावर उठलोय. वर्षानुवर्षं स्वतःच्या पेन्शनमधून करतायत हो त्या. त्यांना न दुखावता जागा कशी बदलायची?

आणि सगळ्यात घाई याची. कालच्या मीटिंगमध्ये एकजण म्हणाले, टेम्पोत घालून खाडीपलीकडे सोडू. दुसऱ्यांनी सरळ विषाचं नाव काढलं, आणि कुणी विरोध केला नाही. चावा माझ्या बाबांना बसलाय, तरी मला हे नकोय. खाली लहान मुलं खेळतात. पोलिसांत आधीच लेखी कळवून ठेवावं का? रविवारी पुन्हा मीटिंग आहे, त्याआधी सांगा.