अनुभव लिहा: घरच्यांना सांभाळताना सरकारचा आधार कुठे मिळाला, कुठे नाही?

घरात तान्हं मूल, अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस किंवा दिव्यांग लेकरू असलं की कुणीतरी आपली नोकरी, झोप, तब्येत बाजूला ठेवतं. योजना पुष्कळ आहेत, पण सांभाळणाऱ्याची नोंद त्यात क्वचितच होते. केरळात ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणावरच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्याला महिना ६०० रुपये ठरवलेत. रक्कम तुटपुंजी, पण सरकारदरबारी त्या माणसाची दखल तरी आहे. तुमच्याकडे काय घडलं, ते लिहा.

सातारा जिल्हा

सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून त्या पडूनच आहेत. आमचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत, म्हणून गरीब वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० मिळतात. शेजारच्या आजींचं नाव यादीत नाही. त्यांना कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत दाखवावं लागतं. रोजगार हमीवर १०० दिवस काम केलं तरी मजुरी त्याहून जास्त होते, मग बसणार कोण त्यात?

१५०० मधले निम्म्याहून जास्त डायपरला जातात. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्री उशाशी मोबाइलचा गजर लावून झोपते. आधारला बोटांचे ठसे उमटेनात, तेव्हा गाडी करून, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन तालुक्याला नेलं. सत्तरी पार केलेल्यांना आयुष्मान भारतच्या वय वंदना कार्डावर ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. आमचं सगळं दुखणं घरात चालतं, त्याला कुठलं कार्ड?

पुणे, खासगी नोकरी

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीमुळे २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, त्याबद्दल मनापासून आभार. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची आहे आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता यायला हवं. आमच्या कंपनीने टाय-अप केलेलं पाळणाघर ऑफिसपासून इतकं लांब, की जेवणाच्या सुट्टीत जाऊन येणंसुद्धा जमत नाही. शिवाय ईएसआय (कामगार राज्य विमा) नसेल तिथे रजेचा सगळा पगार मालकालाच द्यावा लागतो. माझ्या मते मुलाखतीत ‘लग्न झालंय का’ हा प्रश्न त्यातूनच येतो. हा खर्च सरकारने वाटून घ्यायला हवा.

बीड जिल्हा, अंगणवाडी सेविका

दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला जातात. शाळेतली पोरं हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहतात. त्याहून लहान पोरं आईबरोबर फडात. आई पहाटेपासून मोळ्या बांधते, बाळ पाचटावर फडक्यात झोपलेलं. गावात राहिलेल्यांचीही अंगणवाडी दुपारी सुटते आणि आया येतात दिवेलागणीला. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत दिवसभर मुलं सांभाळणारी अंगणवाडी आहे. आमच्याकडे ती अजून पोचलेली नाही.

पोचली तरी राबणार आम्हीच. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आम्ही ग्रॅच्युइटीला पात्र आहोत असं सांगितलं, तरी २०२३ च्या डिसेंबरात इतर मागण्यांबरोबर त्यासाठीही संपावर जावं लागलं.

ठाणे

वडिलांना डिमेन्शिया. नर्सिंग ब्युरोकडून त्यांना सांभाळायला बारा तासांची मावशी ठेवलीय, आमचा मेडिक्लेम तिच्यासाठी एक रुपयाही देत नाही. बहीण केंद्र सरकारी नोकरीत आहे. मुलांसाठी तिला ७३० दिवसांची बालसंगोपन रजा होती, वडिलांसाठी तशी वेगळी रजाच नाही.

लेस्टर, ब्रिटन

इथे आठवड्याला किमान ३५ तास सांभाळणाऱ्याला भत्ता आहे, २०२५-२६ मध्ये ८३.३० पौंड. मर्यादेच्या वर थोडं जरी कमावलं तरी तो पूर्ण बंद होतो, हे फार जाचक आहे. पण आईसाठी नोकरी सोडली ती वर्षं माझ्या सरकारी पेन्शनमध्ये धरली जातात, याचा मोठा आधार वाटतो.

कोल्हापूर

मुलगा स्वमग्न, आता अठरा पूर्ण. ‘निरामय’ या दिव्यांगांच्या आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीसुद्धा. अठरानंतरच्या कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करायचाय. कुणी केला असेल तर कोणती कागदपत्रं मागितली, ते लिहाल का?